गोठणगावच्या तिबेटी पोरांची कॉलेजची जागा कुठे अडते? आई-बापाची जन्मतारीख पहा

भंडारा : लाखांदूर तालुक्याची हद्द ओलांडून अर्जुनी मोरगावकडे गेलं की इटियाडोह धरणाच्या परिसरात गोठणगाव लागतं. तिथल्या तिबेटी कॅम्पचं नाव नोर्ग्येलिंग. 1972 साली ही वसाहत बसली तेव्हा हा सगळा भाग भंडारा जिल्ह्यातच होता. गोंदिया जिल्हा वेगळा झाला 1 मे 1999 ला. म्हणून तिबेटी लोकांच्या बोलण्यात या वसाहतीचं नाव आजही ‘भंडारा’ असंच आहे. हिवाळ्यात नागपुरात स्वेटर विकायला बसणारे तिबेटी तर सगळ्यांनीच पाहिले आहेत.

इथली आजची पोरं इथंच जन्मली. पण बारावी झाली, सीईटी झाली आणि कागद अपलोड करायची वेळ आली की एका रकान्यावर गाडी थांबते. तो रकाना म्हणजे राष्ट्रीयत्व.

आपल्याकडे या रकान्याकडे कोणी लक्ष देत नाही. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘भारतीय’ लिहिलेलं असतं, तेवढ्यावर काम भागतं. नाहीतर सेतू केंद्रातून वय, राष्ट्रीयत्व व अधिवास असा एकच दाखला काढतो. तिबेटी कुटुंबाकडे मात्र आधार असलं तरी मुख्य कागद असतो तो आरसी, म्हणजे परदेशी नागरिक म्हणून केलेली नोंदणी. ती ठराविक मुदतीने नवी करून घ्यावी लागते. बाहेरदेशी जायचं तर पासपोर्टऐवजी पिवळं ओळखपत्र मिळतं. म्हणजे पोरगा जन्मला गोंदिया जिल्ह्यात, आणि सरकारी नोंदीत परदेशी.

साध्या बीए-बीकॉमला यामुळे फार अडत नाही. अडतं ते जिथं जागा मोजक्या आणि फी सरकारी, तिथं. इंजिनिअरिंगच्या राज्य कोट्यासाठी उमेदवार भारतीय नागरिक असावा लागतो. परदेशी म्हणून अर्ज केला तर मंजूर क्षमतेच्या वर ठेवलेल्या जादा जागा असतात, पण तिथली फी वेगळी आणि भारी. डॉक्टरकीचं तसंच. नीटची परीक्षा परदेशी उमेदवारालाही देता येते. पण सरकारी मेडिकलच्या 85 टक्के राज्य कोट्यात बसायला भारतीय नागरिकत्व आणि महाराष्ट्राचा अधिवास, दोन्ही पाहिजे. ऑक्टोबर 2024 मध्ये भंडाऱ्याचं सरकारी मेडिकल कॉलेज 100 जागांनी सुरू झालं. गोठणगावच्या आरसीवाल्या पोरीला कितीही मार्क पडले तरी राज्य कोट्यातून त्या जागेवर ती येत नाही. जुलै 2024 च्या शासन निर्णयाने आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींची व्यावसायिक शिक्षणाची फी माफ झाली, तीही अधिवासाच्या अटीमुळे तिच्या वाट्याला नाही.

आता कायदा पाहू, कारण खरी गंमत तिथं आहे. (गंमत म्हणायची, ज्याच्या घरी पोर बारावीला आहे त्याला ती वाटत नाही.)

नागरिकत्व कायदा 1955 नुसार 26 जानेवारी 1950 ते 30 जून 1987 या काळात भारतात जन्मलेला माणूस जन्मानेच भारतीय. आई-बाप कोण, हा प्रश्नच नाही. 1 जुलै 1987 पासून जन्मलेल्यांसाठी आई किंवा बाप यांपैकी एक भारतीय असावा लागतो. 3 डिसेंबर 2004 पासून नियम आणखी कडक झाला. एक पालक भारतीय पाहिजे आणि दुसरा बेकायदेशीर स्थलांतरित नसावा.

हे गोठणगावला लावून पहा. वसाहत बसली 1972 ला. तिथं 1972 ते जून 1987 दरम्यान जन्मलेली पोरं आज साधारण चाळिशी-पन्नाशीची आहेत, म्हणजे आज बारावीत असलेल्यांचे आई-बाप. कायद्याच्या अक्षरानुसार हे आई-बाप जन्माने भारतीय आहेत. मग 2007-08 च्या आसपास जन्मलेलं त्यांचं लेकरूही भारतीय ठरायला पाहिजे. घरात आरसी आहे म्हणून जन्माने मिळालेला हक्क पुसला जात नाही.

ही वकिली हवेतली नाही. 1986 साली हिमाचलच्या कांगडा जिल्ह्यात जन्मलेल्या नामग्याल डोलकर यांना पासपोर्ट नाकारला होता. दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर 2010 मध्ये त्या जन्माने भारतीय असल्याचं मान्य केलं. पुढे 2014 ला निवडणूक आयोगाने अशा जन्मतारखेच्या तिबेटींची नावं मतदार यादीत घ्यायला सांगितली. सप्टेंबर 2016 मध्ये त्याच न्यायालयाने पुन्हा तेच सांगितलं आणि मार्च 2017 मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने पासपोर्ट कार्यालयांना तशा सूचना दिल्या.

मग अडलं कुठे? 2017 मध्येच अटी पुढे आल्या. आरसी आणि ओळखपत्र परत करा, तिबेटी वसाहतीत राहू नका, तिबेटी प्रशासनाचे लाभ घेऊ नका. म्हणजे बापाने भारतीय पासपोर्ट मागायचा तर ज्या घरात तो जन्मला ते घर सोडण्याचा प्रश्न. वसाहतीतलं घर आणि शेती त्यांच्या नावच्या सातबाऱ्यावर नसते, ती वसाहतीची असते. धरमशाळेच्या तिबेटी प्रशासनाकडून मिळणारी शिष्यवृत्तीही गेली. एका पोराच्या इंजिनिअरिंगच्या जागेसाठी म्हाताऱ्या आई-बापासकट घर हलवायचं का, हा हिशोब कोणत्याही शेतकरी घराला समजेल. शिवाय कॅम्पमध्ये दुसराही विचार आहे. परत तिबेटला जायचं तर निर्वासित म्हणूनच राहिलं पाहिजे, असं मानणारे तिथं आहेत, आणि त्यांना चूक म्हणता येत नाही.

पुढचं संकट याहून मोठं आहे. जुलै 1987 नंतर जन्मलेले तिबेटी आता आई-बाप झाले आहेत. ते स्वतः भारतीय ठरायला त्यांच्या आई-बापांपैकी एक जण भारतीय पाहिजे. आजोबा-आजी दोघंही 1959 नंतर तिबेटमधून चालत आलेले असतील तर ती साखळी तुटली. अशा घरच्या लेकराला जन्माचा मार्गच उरत नाही. एकाच कॅम्पात थोरल्या भावाची पोरं कायद्याने भारतीय आणि धाकट्याची परदेशी, अशी वेळ येणार. 2019 च्या नागरिकत्व दुरुस्तीचा इथं उपयोग नाही, ती फक्त पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानातून आलेल्यांसाठी आहे.

केंद्राने 2014 ला तिबेटी पुनर्वसन धोरण आणलं. त्यात नर्सिंग, शिक्षकी, वैद्यकी, अभियांत्रिकी अशा कामांत पात्र तिबेटींना नोकरी करू द्यावी असं म्हटलं आहे. पण पात्र व्हायला आधी कॉलेजात जागा लागते. नोकरीचं दार किलकिलं केलं आणि त्याच्या आधीच्या दाराला कुलूप तसंच ठेवलं, असा हा प्रकार. राज्य सरकारला वाटलं तर वसाहतीत जन्मलेल्या, इथंच दहावी-बारावी केलेल्या पोरांसाठी राज्य कोट्याच्या फीवर थोड्या जादा जागा देता येतील. नागरिकत्वाला हातही लावावा लागणार नाही. ही मागणी आमदार-खासदारांपुढे जोरात का येत नाही? बहुतेकांचं मत यादीत नाही, हे एक कारण असावं.

त्याच अर्जुनी मोरगाव तालुक्यात अरुणनगर, गौरनगर, संजयनगर हे बंगाली कॅम्प आहेत. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या या लोकांना शासनानेच बसवलं, ते मतदार आहेत. त्यांचं अडतं जातीवर. नमोशूद्र समाज पश्चिम बंगालमध्ये अनुसूचित जातीत आहे, महाराष्ट्राच्या यादीत नाही. त्यामुळे पोरं खुल्या गटात लढतात. मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजच्या प्रवेशावरून गेलेल्या मर्री चंद्रशेखर राव खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1990 लाच सांगितलं की एका राज्यातला राखीव दर्जा दुसऱ्या राज्यात सोबत येत नाही. यादी बदलायची तर संसदेतच.

आणि हे फक्त कॅम्पवाल्यांचंच आहे असं समजू नका. तुमसर तालुक्यातल्या कितीतरी घरांची सोयरीक बालाघाट जिल्ह्यात आहे. पोरगा मामाकडे राहून वारासिवनीला किंवा कटंगीला दहावी करतो, आणि पुढे राज्य कोट्यातून मेडिकलला जायचं म्हटलं की कळतं, दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून पाहिजे. इंजिनिअरिंगला आई किंवा बापाच्या अधिवासावर निभावतं, मेडिकलला सहसा नाही. वीटभट्टीच्या कामाला बाहेरराज्यात जाणाऱ्यांच्या लेकरांचंही तेच.

दहावीत पोर असेल तर आत्ताच शाळेच्या जनरल रजिस्टरमधली नोंद पाहून घ्यावी. नाव, जन्मठिकाण, राष्ट्रीयत्व, जात. शाळेत नाव असेपर्यंत दुरुस्ती सोपी असते. दाखला हातात पडल्यावर शिक्षणाधिकाऱ्यांच्या मंजुरीसाठी भंडाऱ्याच्या चकरा सुरू होतात, आणि त्या नेमक्या रोवणीच्या दिवसांत येतात.