जोखीम सर्वांची, मग हक्क एकट्याचाच का?

गाडी एका कंपनीच्या नावाने विकली जाते; पण ती एका कंपनीत तयार होत नाही. चाकण-पिंपरीच्या छोट्या कारखान्यांत तिचे सुटे भाग घडतात आणि तिथल्या यंत्रांवर रत्नागिरी, खेड, मंडणगडची आयटीआय झालेली आपली पोरे उभी असतात. आता मोठ्या कंपन्या म्हणतात, नुसता माल पुरवू नका, डिझाइनमध्येही भागीदार व्हा. भागीदारी चांगलीच, पण कोणत्या अटींवर, हा आमचा सवाल आहे.

टाटा नॅनोचे उदाहरण घ्या. पुण्यात आखलेली ही गाडी जानेवारी २००८ मध्ये लोकांपुढे आली. एक लाखाची किंमत साधण्यासाठी पुरवठादारांना डिझाइनच्या कामात सामील करून घेतले गेले. त्यातून आपला उद्योग बरेच शिकला, हे आम्ही नाकारत नाही. पण ऑक्टोबर २००८ मध्ये प्रकल्प सिंगूरहून साणंदला गेला, तेव्हा पुरवठादारांनाही बिऱ्हाड उचलावे लागले. वर्षाला अडीच लाख गाड्यांची क्षमता कधीच भरली नाही. २०१८ च्या सुमारास उत्पादन थांबले. असा फटका बडी कंपनी सोसते; एका साच्यासाठी कर्ज काढणाऱ्याने काय करावे?

कायदा थोडा आधार देतो. पेटंट कायदा, १९७० च्या कलम ५० नुसार, वेगळा करार नसेल तर संयुक्त पेटंटमध्ये सर्वांचा वाटा समान असतो. मेख आहे ती त्या ‘वेगळ्या करारा’त! छापील फॉर्मवर सही झाली की हक्क गेला. २००६ च्या लघुउद्योग कायद्याने सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत देणे बंधनकारक आहे. केंद्राच्या २०१२ च्या खरेदी धोरणात अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांसाठी ४ टक्के वाटा आहे. पण खासगी वाहन कंपन्यांना ते लागू नाही. तिथे करार हीच ढाल.

म्हणून आपल्या उद्योजक बांधवांना आमचे सांगणे आहे: कल्पना कोणाची, ऑर्डर रद्द झाल्यास साच्याचा खर्च कोणाचा आणि पैसे कधी, हे काम सुरू होण्यापूर्वी लिहून घ्या. आणि यंत्रावरच्या कामगाराने सुचवलेल्या सुधारणेवर त्याचेही नाव व मोबदला लिहा. नाहीतर आपणही नवे खोत ठरू.

कसणारा एक आणि खाणारा दुसरा, हे कोकणाने भोगले आहे. त्याविरुद्ध बाबासाहेबांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. कारखान्यात ती पुन्हा रुजू द्यायची काय?