परदेशात गेलात तर चिनी हॉटेलात जेवा

ओळखीतलं कुणी परदेशी निघालं की मला फोन येतो. माझं आयुष्य मर्चंट नेव्हीत, बोटीच्या इंजिनरूममध्ये गेलं, तेव्हा कुठल्या बंदरात काय खावं हे मला ठाऊक असणार असं लोक धरून चालतात. मी प्रत्येकाला एकच सांगतो, एक तरी जेवण तिथल्या चिनी हॉटेलात घ्या. त्यावर पलीकडून ठरलेला प्रश्न येतो, "एवढे पैसे खर्चून जायचं आणि तिथं चायनीज खायचं?"

या प्रश्नामागे दोन समजुती असतात. चायनीज म्हणजे आपल्या नाक्यावरच्या गाडीवर मिळतं ते, शेजवान चटणीतलं, ही पहिली. दुसरी खवय्यांची आहे. चीनबाहेरचं चिनी जेवण नकली, त्या त्या देशातल्या लोकांच्या जिभेसाठी बिघडवलेलं, आणि म्हणून बिनमहत्त्वाचं. या दोन्ही समजुती मला मनापासून खटकतात. त्यांच्यामुळे आपली माणसं त्या देशाच्या इतिहासाच्या दारावरून आत न डोकावता पुढे निघून जातात.

बंदरांतली पहिली चिनी हॉटेलं पर्यटकांसाठी उघडलीच नव्हती. ती खलाशांची होती. बोट धक्क्याला लागते, माल उतरायला सुरुवात होते, जनरेटरचं काम उरकून, हाताचं काळं धुऊन तुम्ही गँगवे उतरता तेव्हा रात्रीचे दहा वाजलेले असतात. अशा वेळी गावातलं बरं हॉटेल बंद असतं, उघडं असेल तर तुमच्या बुटांकडे बघतं. चिनी माणसाचा दिवा मात्र जळत असतो. गरम भात, गरम चहा, पातळ सूप. भाषा येत नसेल तर शेजारच्या ताटाकडे बोट दाखवायचं. आमच्या बोटीवरचा रत्नागिरीकडचा एक मोटरमन जगातल्या कुठल्याही बंदरात आधी हे दुकान शोधायचा. भात दिसला की तो पहिले काही घास कुणाशी बोलत नसे.

रॉटरडॅममध्ये काटेन्द्रेख्त नावाचा गोदीचा भाग आहे. १९११ साली खलाशांनी संप केला, तेव्हा तो मोडण्यासाठी डच बोट कंपन्यांनी चिनी खलाशी आणले. कोळशाच्या बोटींचे दिवस होते ते. बॉयलरच्या तोंडाशी उभं राहून कोळसा घालायचं काम सगळ्यात हलकं आणि सगळ्यात जीवघेणं. इंग्रजांच्या बोटींवर तेच काम आपल्याकडचे लोक करत. त्यांना आगवाले म्हणत. काटेन्द्रेख्तमध्ये या चिन्यांसाठी राहायची घरं झाली, त्यांना जोडून खानावळी झाल्या. गिरणगावात कोकण आणि घाटावरून आलेल्या गिरणी कामगारांसाठी बायकांनी खानावळी चालवल्या, तसंच हे होतं. पुढे १९३० च्या दशकातल्या मंदीत बोटींवरचं काम गेलं, तेव्हा हेच लोक शेंगदाणे आणि साखरेच्या वड्या डब्यात भरून रस्त्यावर विकत फिरले.

पेरूबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण माझं मत तिथं पक्कं झालं. काय्याओ हे लिमा शहराचं बंदर. तिथं चिनी हॉटेलाला चिफा म्हणतात आणि ती गल्लोगल्ली आहेत. रविवारी दुपारी आख्खी कुटुंबं तिथं येतात. आजी मधल्या खुर्चीवर, पोरं टेबलाखाली, आणि मधोमध इन्का कोलाची मोठी बाटली. ते पिवळंजर्द, अतिगोड पेय पेरूतलंच. चिफातल्या जेवणाबरोबर तेच लागतं. मी गेलो तिथं वाढणारी मुलगी स्पॅनिश बोलत होती, गल्ल्यापाठीमागचा म्हातारा चिनी चेहऱ्याचा होता आणि तोही स्पॅनिशच बोलत होता. आधी तळलेले वाँटन आले, सोबत लाल, आंबटगोड रस. त्याला ते चिंचेचंच नाव देतात. मग आरोझ चाउफा, म्हणजे मोठ्या आचेवर परतलेला भात, अंडं, कांद्याची पात आणि सोया सॉस घातलेला. आणि मग लोमो साल्तादो.

लोमो साल्तादो आज पेरूचा राष्ट्रीय पदार्थ म्हणावा इतका घरोघरी होतो. गोमांसाच्या पट्ट्या, कांदा, टोमॅटो आणि तिथली पिवळी मिरची कढईत मोठ्या जाळावर झटपट परततात, वर सोया सॉस आणि व्हिनेगर. त्यात तळलेल्या बटाट्याच्या फोडी आणि बाजूला भात. बटाटा आणि मिरची तिथल्या मातीतली, गुरं आणि कांदा स्पॅनिश लोकांनी आणलेला, कढई, आच आणि सोया सॉस चिन्यांचा. पेरूच्या इतिहासावरचं कुठलंही पुस्तक इतक्या थोडक्यात इतकं सांगणार नाही. (मांस न खाणाऱ्यांनी भात आणि भाज्या वेगळ्या मागाव्यात. देतात.)

हे चिनी तिथं कसे पोचले? एकोणिसाव्या शतकात पेरूची श्रीमंती पक्ष्यांच्या विष्ठेवर उभी होती. चिंचा नावाच्या बेटांवर समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेचे डोंगर साचलेले होते. त्या ग्वानोला युरोपातल्या शेतांसाठी खत म्हणून सोन्याचा भाव आला. किनाऱ्यावर उसाचे आणि कापसाचे मळे होते. तिथं राबायला माणसं हवी होती आणि १८५४ मध्ये तर गुलामगिरीही बंद झाली. १८४९ पासून १८७४ पर्यंत सुमारे एक लाख चिनी मजूर पेरूत आणले गेले. जवळपास सगळे पुरुष. बरेचसे मकाऊच्या बंदरातून, आठ वर्षांच्या करारावर. कितीतरी जण पॅसिफिक ओलांडतानाच बोटीच्या तळाशी मेले. मी त्याच समुद्रावरून गेलो आहे. वातानुकूलित कंट्रोलरूममध्ये बसूनही तो प्रवास संपता संपत नाही. ज्यांना तळात कोंबून नेलं, त्यांचं काय झालं असेल याचा विचार तिथं पहाऱ्यावर असताना माझ्या मनातून जात नसे.

करारात मजुरीबरोबर रोजचा तांदूळ लिहिलेला असे. तांदळाचा तो शिधा त्या माणसांनी सोडला नाही, आणि पेरूत भाताची सवय वाढायला त्याचा हातभार लागला. करार संपला की जो जगला वाचला तो लिमाला यायचा. मध्यवर्ती बाजाराच्या बाजूला, काय्ये कापोन या रस्त्याच्या आसपास त्यांनी बिऱ्हाडं केली, तिथल्या बायकांशी लग्नं केली, लहानसहान खानावळी टाकल्या. ज्यांना त्या देशाने माणसात धरलं नव्हतं, त्यांच्या हातचं जेवण आज त्या देशाच्या प्रत्येक घरात आहे. याच काळात आपल्याकडची मराठी माणसं करारावर मॉरिशसच्या उसात गेली. मळ्यांच्या गावांत चिनी दुकानदार त्यांना उधारीवर तांदूळ-डाळ देत. त्या मराठी माणसांच्या वंशजांना आज परतलेल्या चिनी नूडल्स आपल्याच घरच्या वाटतात, आणि त्या आहेतच.

आता कुणी म्हणेल, चाउफा म्हणजे खरं चिनी जेवण नव्हे. मी म्हणतो, तो खरा पेरूचा पदार्थ आहे आणि तुम्ही पेरू बघायलाच आला आहात. हॉलंडमधल्या चिनी हॉटेलांत तुम्हाला नासी आणि बामी, म्हणजे भात आणि नूडल्स, मिळतील, ती इंडोनेशियाची नावं. डचांनी १९४९ मध्ये इंडोनेशिया सोडला, तिथून परतलेल्या लोकांना आणि सैनिकांना त्या जेवणाची आठवण छळू लागली. ती चिनी हॉटेलवाल्यांनी ओळखली, इंडोनेशियातून आलेले स्वयंपाकी ठेवले आणि एक नवंच जेवण तयार झालं. २०२१ मध्ये डच लोकांनी ही चिनी-इंडोनेशियन हॉटेलं आपल्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत घातली. त्यांना उशिरा का होईना कळलं, की हे आपलंच आहे. मंचुरियनसुद्धा चीनमध्ये कुणी करत नाही. कोलकात्यात जन्मलेल्या नेल्सन वाँग यांनी तो पदार्थ १९७० च्या दशकात मुंबईत केला, असं सांगितलं जातं. मग तो नकली कसा? तो मुंबईचा.

अमेरिकेत मुलाबाळांकडे जाणाऱ्यांना तिथल्या प्रत्येक गावात चिनी हॉटेल दिसतं. त्याचं कारण कायद्यात आहे. १८८२ च्या कायद्याने अमेरिकेने चिनी मजुरांना दार बंद केलं, व्यापाऱ्यांना मात्र येण्याजाण्याची मुभा ठेवली. १९१५ पासून हॉटेलमालकही व्यापाऱ्यांत मोजले जाऊ लागले. म्हणजे हॉटेल काढलं तर गावी जाऊन परत येता येईल, एखाद्या नातेवाइकाला आणता येईल. हॉटेलं वाढली ती अशी. तो कायदा रद्द झाला १९४३ मध्ये. त्या कागदी डब्यातल्या नूडल्स खाताना हे ठाऊक असलं तर चव बदलते, निदान माझी बदलली.

लिव्हरपूलची गोष्ट सगळ्यात वाईट, आणि ती मी खलाशी म्हणून सांगतो. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या मालवाहू बोटींवर हजारो चिनी खलाशी होते. जर्मन पाणबुड्यांच्या तोंडातून त्यांनी ब्रिटनसाठी अन्न आणि तेल आणलं, तेही इंग्रज खलाशांपेक्षा कमी पगारावर. पगारवाढीसाठी १९४२ मध्ये त्यांना संप करावा लागला. कित्येकांनी लिव्हरपूलमध्ये लग्नं केली, त्यांना मुलं झाली. युद्ध संपताच, १९४५-४६ मध्ये, सरकारने त्यांना गुपचूप धरून बोटींत घालून चीनला पाठवून दिलं. बायकांना काहीही सांगितलं नाही. नवरा आपल्याला टाकून गेला असं समजून त्या जन्मभर जगल्या, आणि मुलं तसंच ऐकत मोठी झाली. लिव्हरपूलच्या चिनी दुकानांत मीठ, मिरी, मिरची आणि कांदा टाकून परतलेले बटाट्याचे चिप्स मिळतात, ती त्या शहराची खास वस्तू आहे. तिथं जाल तेव्हा नक्की खा, आणि ही गोष्ट सोबतच्या माणसाला सांगा.

आपणही यातून सुटलेलो नाही. चीनशी झालेल्या १९६२ च्या युद्धाच्या वेळी आपल्या सरकारने आसाम आणि दार्जिलिंगकडचे सुमारे तीन हजार चिनी वंशाचे लोक उचलून राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत ठेवले. कित्येक जण इथंच जन्मलेले होते, काहींना तिथं वर्षानुवर्षं काढावी लागली. माझगावला डॉकयार्डजवळ चिनी खलाशांचं एक लहानसं देऊळ अजून आहे. शेजवान राइस आपण रोज खातो. देवळीबद्दल शाळेच्या पुस्तकात एक ओळ तरी असायला हवी, असं मला फार वाटतं.

शाकाहारी मंडळींची अडचण मला कळते, आणि सहल कंपन्यांचं फावतं ते तिथंच. बँकॉकला किंवा फुकेटला उतरलं की बसमधून थेट भारतीय हॉटेल, पनीर, डाळ, गुलाबजाम, पुन्हा बस. थायलंडला जाणाऱ्यांनी एक खूण लक्षात ठेवावी. पिवळ्या फडक्यावर लाल रंगात एक छोटं थाई अक्षर असतं, त्याचा उच्चार 'जे'. तिथल्या चिनी वंशाच्या लोकांचं हे व्रताचं जेवण आहे. मांस, मासे, अंडं, दूध काही नाही, कांदा-लसूणही नाही. चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्यात नऊ दिवस हा उत्सव चालतो, फुकेटला सर्वांत मोठा. तो बहुतेक वर्षी आपल्या नवरात्रातच येतो, दोन्ही अमावास्येनंतर सुरू होतात. त्या दिवसांत रस्ते पिवळ्या झेंड्यांनी भरून जातात. एरवीही बँकॉकच्या याओवारातमध्ये, म्हणजे चिनी वस्तीत, अशी दुकानं सापडतात. कांदा-लसूण न खाणाऱ्या एखाद्या आजीला तिथं जितकं निर्धास्त जेवता येईल, तितकं भारतीय हॉटेलातही येणार नाही.

सहल कंपन्यांकडे माझी मागणी साधी आहे. सात दिवसांच्या कार्यक्रमात एका रात्रीचं भारतीय जेवण काढा आणि त्या शहराच्या चिनी वस्तीत माणसांना सोडा. सोबतच्या टूर मॅनेजरला ती वस्ती कधी वसली, कुणी वसवली, ते लोक कुठल्या कामाला आले होते, एवढं शिकवून पाठवा. ज्यांना जेवायचं नसेल त्यांनी नुसतं फिरावं, चहा प्यावा. बस तासाभराने घ्यायला आली तरी चालेल.