पाय ठेवायचा कुठे?

औंढा नागनाथच्या देवळातली कथा हिंगोली जिल्ह्यात लहान मुलांनाही ठाऊक असते. गुरूच्या शोधात निघालेले नामदेव तिथे पोचले, तर विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून निजलेले. नामदेव रागावले. तेव्हा विसोबांनी सांगितले, जिथे देव नसेल तिथे माझे पाय उचलून ठेव. तशी जागा नामदेवांना सापडली नाही. पुढे कुत्र्याने पोळी पळवली, तर ती त्याने कोरडी खाऊ नये म्हणून नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, असेही सांगतात.

या कथेनंतर सुमारे साडेपाचशे वर्षांनी अमेरिकेत काही विचारवंत याच्या जवळ येऊन पोचले. राल्फ वाल्डो इमर्सन यांचे ‘नेचर’ हे छोटे पुस्तक १८३६ साली निघाले. त्यांचा शिष्यवत मित्र हेन्री डेव्हिड थोरो १८४५ मध्ये वॉल्डन तळ्याकाठी झोपडी बांधून दोन वर्षांहून अधिक काळ राहिला. त्याच्या वाचनात भगवद्‌गीता होती. या विचाराला ‘ट्रान्सेंडेंटॅलिझम’ म्हणतात. त्याचे सार असे की, डोळ्यांना दिसते त्यापलीकडचे सत्य माणसाला थेट कळू शकते. त्यासाठी निसर्गाजवळ जावे आणि मन उघडे ठेवावे. निसर्ग म्हणजे नुसता कच्चा माल, असे मानणाऱ्या समाजाचे मन आतून कोरडे होते, हा त्यांचा इशारा होता.

तो इशारा आज हिंगोलीलाही लागू आहे. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या पावणेबारा लाखांच्या घरात, आणि त्यातले जवळपास ८५ टक्के लोक खेड्यात राहणारे. म्हणजे निसर्ग दूर गेलेला नाही, तो दाराशीच आहे. पण सोयाबीन आणि हळद म्हणजे बाजारभाव, कयाधू म्हणजे पुलावरून ओलांडायची जागा, आणि बांधावरचा लिंब म्हणजे पिकावर पडणारी सावली, एवढीच ओळख उरत चालली आहे. झाडावर कुऱ्हाड नंतर पडते. त्याआधी कधीतरी त्याच्याकडे बघणे थांबलेले असते.

याला वैद्यकीय बाजू आहे. १९८४ मध्ये रॉजर उलरिच यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियामधील एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. निम्म्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती, उरलेल्यांच्या खिडकीसमोर विटांची भिंत होती. झाडे दिसणारे रुग्ण सरासरी पाऊण दिवस लवकर घरी गेले आणि त्यांना वेदनाशामकांचे जोरदार डोसही कमी लागले. अभ्यास लहान आहे, त्यावरून मोठे दावे करता येत नाहीत. तरीही खिडकीबाहेर काय दिसते याचा रुग्णाशी संबंध असू शकतो, हे त्याने दाखवले.

मुलांच्या डोळ्यांबाबत पुरावा अधिक भक्कम आहे. चीनमधील ग्वांगझू शहरात बारा शाळांतल्या पहिलीच्या मुलांवर तीन वर्षे प्रयोग झाला. निम्म्या शाळांत रोज ४० मिनिटांचा एक तास मैदानावर घेतला. त्या शाळांत सुमारे ३० टक्के मुलांना लांबचे पाहण्यासाठी चष्मा लागेल असा दोष आला. इतर शाळांत हे प्रमाण जवळपास ४० टक्के होते. मोकळ्या आकाशाखालचा प्रखर उजेड डोळ्याच्या पडद्यात डोपामिन वाढवतो आणि त्यामुळे डोळ्याचा गोल प्रमाणाबाहेर लांबत नाही, असे मानले जाते. आता खेड्यातले मूलही शाळा, शिकवणी आणि मोबाइल या तीन छपरांखाली दिवस काढते. घराभोवती शिवार पसरलेले असून त्याच्या वाट्याला उजेड येत नाही.

यावर एक रास्त आक्षेप आहे. तळ्याकाठी बसून चिंतन करणे हा पोट भरलेल्यांचा उद्योग नाही का? थोरोची झोपडी इमर्सनच्या मालकीच्या जमिनीवर होती. रोजाने खुरपणीला जाणाऱ्या बाईला दिवसभर निसर्गच निसर्ग असतो. तो तिच्या वाट्याला ऊन, साप, वीज आणि फवारणीचा वास होऊन येतो. तिला निसर्गाचे महत्त्व सांगणे ही थट्टा ठरेल. शिवाय निसर्ग औषधाची जागा घेत नाही. इमर्सनची पहिली पत्नी १८३१ मध्ये क्षयाने गेली, आणि रानावनात हिंडणारा थोरोही १८६२ मध्ये वयाच्या ४४ व्या वर्षी क्षयानेच गेला. आज क्षयाला नियमित गोळ्या लागतात, सर्पदंशाला प्रतिसर्पविष लागते. झाडाखाली बसून यातले काही बरे होत नाही.

पण हा आक्षेप नीट पाहिला तर तो उलटा फिरतो. बांधावरचे झाड गेले, त्याचा पहिला फटका कोणाला? ज्याच्या घरी कूलर आहे त्याला नाही. दुपारी भाकरी सोडायला सावली शोधणाऱ्या त्या मजूर बाईलाच. मे महिन्यात शरीर तापत असताना अर्धा तास मिळालेली सावली आणि माठातले पाणी उष्माघातापासून खरोखर वाचवते. तिने झाडाखाली ध्यान लावावे अशी अपेक्षा नाही. झाड तिथे असावे, एवढीच आहे. ज्यांना फुरसत आहे त्यांनी बघणे सोडले, आणि किंमत फुरसत नसलेल्यांनी मोजली.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. औंढ्याजवळ दुधाळा परिसरात ‘लायगो-इंडिया’ ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहत आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२३ मध्ये तिच्यासाठी सुमारे २६०० कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटर लांबीच्या तिच्या दोन बाहूंना अणुकेंद्रापेक्षाही कितीतरी सूक्ष्म थरथर टिपायची आहे. त्यामुळे जागा निवडताना जमिनीची शांतता पाहिली गेली. विश्वाची कुजबुज ऐकायला विज्ञानाने जो परिसर निवडला, त्याच जिल्ह्यात वरातीच्या डीजेपुढे घरातल्या म्हाताऱ्या माणसाची झोप आणि रक्तदाब यांना किंमत नसावी, हे विसंगत आहे. शांतता ही या मातीची संपत्ती आहे. ती सातबाऱ्यावर लिहिलेली नाही, म्हणून ती नाहीच असे धरून चालले आहे.

करण्यासारखे बरेच आहे आणि ते महागही नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेने रोजचा एक तास झाडाखाली घेतला, तर त्याला वेगळा निधी लागत नाही. आरोग्य केंद्राच्या आवारात वॉर्डच्या खिडकीसमोर गाड्या लावण्याऐवजी दोन झाडे लावता येतात. बांधावरच्या झाडांसाठी रोजगार हमी योजनेचा आधार आहे. रस्ता रुंद करताना कोणते झाड वाचवता येईल, हा प्रश्न ग्रामसभेत विचारता येतो. आणि घरातल्या आजी-आजोबांनी नातवाला शिवारात नेऊन लिंब आणि बकाणलिंब यांतला फरक दाखवला, तर तोही आरोग्याचाच धडा. नावाने ओळखीचे झालेले झाड तोडताना हात जरा तरी थबकतो.