तेलाने माखलेले हात

जुने मोटारसायकलीचे इंजिन पुनश्च जिवंत करणे ही विद्याच होय, असे आमचे मत आहे. न्यूझीलंडच्या बर्ट मन्रो यांनी १९२० साली घेतलेल्या ‘इंडियन स्काउट’ गाडीचा मूळ वेग ताशी सुमारे ५५ मैल होता. त्यांनी पिस्टन स्वहस्ते ओतले. फुटले, तर पुन्हा ओतले. १९६७ साली, वयाच्या ६८व्या वर्षी, अमेरिकेतील बॉनव्हिलच्या मीठमैदानावर त्यांनी त्याच गाडीवर ताशी १८३ मैलांहून अधिक वेगाचा विक्रम केला.

पिस्टन व सिलिंडर यांतील केसाएवढे अंतर चुकले तरी इंजिन जाम होते. तेथे घोकंपट्टी चालत नाही, वशिलाही नाही. प्रभु येशूनेही सुतारकाम केले. मग मुलाने पाना हाती धरिला, तर पालकांनी लाज का मानावी?