रिकाम्या वाटीचे मोल



गेल्या रविवारी तिसरीत शिकणारी माझी नात वही घेऊन रडवेल्या चेहऱ्याने आली. ‘तीन हजार पाच’ ही संख्या तिने ३०००५ अशी लिहिली होती आणि तीवर लाल फुली पडली होती. “आजोबा, आधी तीन हजार लिहिले, पुढे पाच लिहिले. मग चुकले कुठे?” प्रश्न रास्त होता. कानांनी ऐकले तसेच हाताने लिहिले होते.

मी नियम सांगितला नाही. चार वाट्या मांडल्या. डावीकडून हजार, शतक, दशक, एकक. पहिलीत तीन चिंचोके, शेवटचीत पाच. “मधल्या दोन रिकाम्याच आहेत, उचलून ठेवू?” ती चटकन म्हणाली, “नको! मग हजाराची वाटी दशकाच्या जागी येईल.” तिने आपण होऊन दोन्ही वाट्यांपुढे शून्य मांडले: ३००५. मग एककाच्या वाटीत आणखी सात चिंचोके टाकावयास सांगितले. बारा झाले, त्यांतील दहा देऊन दशकाच्या वाटीत एक ठेवला. हातचा म्हणजे काय, हे निराळे सांगावे लागले नाही.

मराठी मुलांना आणखी एक अडचण असते. ‘एकवीस’ म्हणताना एकक आधी उच्चारला जातो, म्हणून २१ चे १२ होतात. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक’ असे वाचन आले, तेव्हा बरीच थट्टा झाली. मलाही जुने शब्दच गोड वाटतात. पण अडचण खोटी नव्हती.

एककापासून सांगण्याची रीत आपल्या ग्रंथांतही आहे. सर्वनंदींचा मूळ प्राकृत ‘लोकविभाग’ शके ३८०, म्हणजे इ. स. ४५८ चा, सिंहसूरींनी केलेले त्याचे संस्कृत रूपांतर आज उपलब्ध आहे. त्यात १३,१०,७२,००,००० ही संख्या शब्दांत दिली आहे: प्रथम पाच शून्ये, मग दोन, सात, त्यापुढे ‘अंबर’ आणि नंतर उरलेले अंक. अंबर म्हणजे आकाश, अर्थात शून्य. आपली जीभ जी रिकामी जागा गाळते, ती तेथे नावानिशी उच्चारली आहे. नातीला हे फार आवडले.

त्याच रात्री चिरंजीवांच्या दुकानाचा मेळ १,८०० रुपयांनी जुळेना. बँकेत आम्ही फरकाला प्रथम नऊने भागून पाहत असू. अंक एक घर सरकला की रक्कम दहापट किंवा दशांश होते, त्यामुळे फरक लहान रकमेच्या नऊपट निघतो. (दोन अंकांची अदलाबदल झाली तरी नऊने भाग जातो, ते पुन्हा केव्हातरी.) १,८०० भागिले ९ म्हणजे २००. “दोनशेची नोंद शोध,” मी म्हणालो. नात वडिलांच्या शेजारी बसून बोट फिरवू लागली. चौथ्या पानावर एका गिऱ्हाइकाचे २,००० रुपये २०० म्हणून जमा झाले होते.

“बाबा,” ती म्हणाली, “तुमची एक वाटी हरवली.”