खंडकऱ्याला रान मिळालं, पाण्याचं काय?

श्रीरामपूर तालुक्यातलं बेलापूर हे प्रवराकाठचं जुनं गाव. पण या पट्ट्याचा खरा इतिहास सातबाऱ्यावर आहे. तो एकदा नीट वाचा.

1926 साली भंडारदरा धरण पूर्ण झाले. पाटाचे पाणी आले. पण ऊस लावायला भांडवल कुणाकडे होते? ते होते साखर कंपन्यांकडे. हरेगावच्या बेलापूर कंपनीने आसपासच्या गावांतल्या जमिनी खंडाने घेतल्या. शेतकरी कागदावर मालक राहिला, हाती आला फक्त खंड.

मग 1961 चा कमाल जमीनधारणा कायदा आला. सरकारने जमिनी घेतल्या, 1963 मध्ये शेती महामंडळ स्थापन झाले. म्हणजे बघा, जादा जमीन ठरली कंपनीची आणि गेली खंडकऱ्याची! मोर्चे, कोर्टकचेऱ्या यांत अर्धे शतक गेले, तेव्हा कुठे 2012 च्या सुमारास जमीनवाटप सुरू झाले. तोवर एका नावाच्या जागी अनेक वारस उभे राहिले.

आणि पाणी? 2005 च्या कायद्याने ते खोऱ्यात समन्यायी वाटायचे ठरले. टंचाईत वरच्या धरणांतून जायकवाडीला पाणी सोडावे लागते. खालच्या शेतकऱ्याचाही हक्क आहेच. पण 1926 चा हिशेब आता संपला.

आजोबांकडे पाणी होते, भांडवल नव्हते. नातवाकडे रान आहे, पाणी मोजके. तेव्हा वारसांनो, तुकडे पाडण्याआधी भावकीत बसा, पाण्याचा हिशेब मांडा, मगच पीक ठरवा. नाहीतर हेच रान पुन्हा दुसऱ्याला खंडाने द्यावे लागेल.