नाईल, टायग्रिस आणि आमचं तेर

मुखेडच्या शाळेत नाईल, टायग्रिस, युफ्रेटिस घोकून पाठ केल्या. मार्क पडले आणि मनात पक्कं बसलं, इतिहास लांब कुठंतरी घडतो. आपल्याकडं फक्त लाइट जाते. पुण्यात कुणी गाव विचारलं की मी मोघम 'नांदेड साइड' म्हणायचे.

मग एकदा धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला गेले. ग्रीक 'पेरिप्लस'मधलं 'तगर' ते हेच. पहिल्या शतकात इथलं कापड गाड्यांतून भडोचच्या बंदरात जायचं. इथं हस्तिदंताची एक बाई सापडलीय. बरीचशी तशीच दुसरी १९३८ मध्ये इटलीत, पॉम्पेईत निघाली!

बॉस, आमच्या दशरथेश्वराचं देऊळही चालुक्यकालीन. तिथं आम्ही लपाछपी खेळायचो. हल्ली सरळ सांगते, मुखेड. तुम्ही काय सांगता?